गाडीचा शब्द

वेदवतीनं लिंबू तिरुमलरावांच्या डाव्या हातात ठेवलं आणि स्वतःचे ओठ ताणून दाखवले.

“लिं,” ती म्हणाली. “लिं... बू.”

तिरुमलरावांनी आधी लिंबू पाहिलं, मग तिचे ओठ पाहिले. झटका आला त्या दिवसापासून त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेलाच असे. दुसरा कोपरा आता हळूहळू ताणला गेला. जीभ दातांमागे येऊन टेकली. घशातून काहीतरी वर यायला निघालं आहे हे तिला त्यांच्या गळ्याकडे बघून कळत होतं. तिनं श्वास रोखून धरला.

तेवढ्यात कारखान्याची बस वळणावरून घरघरत गेली आणि खिडकीखालची गाडी बोंबलायला लागली.

त्या गाडीच्या अलार्मला एक गळा नव्हता, चांगले पाच-सहा होते. आधी तो पींपीं करी, मग रुग्णवाहिकेचं सोंग घेई, मग कुणीतरी चिमटा काढल्यासारखा किंचाळे, आणि आता थांबला म्हणून सुस्कारा सोडावा तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तिरुमलरावांनी खांदे आवळून घेतले. डोळे घट्ट मिटले. त्यांच्या हातातलं लिंबू सुटून पलंगाखाली गेलं. गाडी गप्प झाल्यावर वेदवतीनं वाकून ते काढलं, पदरानं पुसलं, पुन्हा त्यांच्यापुढे धरलं, पण त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती. एकदा अशी मान वळली की त्या दिवसाचा अभ्यास संपला, हे तिला आता पाठ झालं होतं.

म्हैसूरला नजरबादच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर तिरुमलरावांनी गावाबाहेर हूटगळ्ळीला घर बांधलं ते शांतता हवी म्हणून. तेव्हा खरंच तिथं शांतता होती. पुढे कारखाने वाढले, त्यांच्यामागे घरं आली, घरांमागे बस आल्या, आणि बसनं न जाणाऱ्या पोरांच्या मोटरसायकली आल्या. त्यांतल्या निम्म्यांनी सायलेन्सर काढून फेकलेला. माणूस कशालाही सरावतो तशी ती दोघं त्यालाही सरावली होती. पण तिरुमलरावांची वाचा गेली आणि घरात जी जागा रिकामी झाली, तिच्यात रस्त्यावरचं सगळं येऊन भरायला लागलं.

हा माणूस आयुष्यभर बोलला होता. कचेरीत कन्नड, घरात मराठी, देवाजवळ संस्कृत, आणि रागावला की इंग्रजी. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्यांची हाक येई, “वेदा, कॉफी.” चाळीसेक वर्षं ती त्या हाकेवर वैतागली. आता तिला बाकी काही नको होतं. त्यांनी चालावं, हिंडावं, पूर्वीसारखं व्हावं, एवढी मोठी मागणी ती देवापाशीही करत नव्हती. जायच्या आधी एकदा त्यांनी तिला नावानं हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं.

वाचेचे व्यायाम शिकवायला आठवड्यातून दोनदा तुळसी नावाची मुलगी येई. ती कन्नड बोलणारी. ती म्हणाली होती की घरात जी भाषा चालते तिच्यातच सराव घ्या, तो तुम्हालाच घ्यावा लागेल अम्मा, मला मराठी येत नाही. रोज ठरल्या वेळी, घरातल्याच वस्तू ताटात घेऊन, आणि आजूबाजूला अगदी सामसूम हवी. पहिल्या काही महिन्यांत जे परत येतं ते येतं, मग फार कठीण जातं. हे शेवटचं तिनं तिरुमलरावांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, चपला घालताना सांगितलं होतं.

गाडी होती शेजारच्या माडीवर भाड्यानं राहणाऱ्या संपत वाघचौरेची. तो संगमनेरकडचा, कारखान्यात नव्यानं लागलेला. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळे एकटाच. कामावर कारखान्याच्या बसनं जाई आणि कुणाकडून तरी जुनी घेतलेली ती पांढरी गाडी दिवसभर वेदवतीच्या कंपाउंडच्या भिंतीला खेटून उभी असे. सकाळी तो फडकं घेऊन ती पुसत बसायचा. मग तो जायचा आणि गाडी बोंबलायची. म्हणजे ज्याची ती, त्यालाच तिचा पराक्रम ठाऊक नसे.

वेदवतीनं पुष्कळ दिवस तोंड दाबून धरलं. एक तर सगळ्या रस्त्यात मराठी बोलणारं दुसरं घर नव्हतं, आणि पहिल्या भेटीतच तक्रार घेऊन जायला तिचं मन होईना. पण त्या लिंबाच्या दिवशी तिचा धीर सुटला. संध्याकाळी वाघचौरे डबा घेऊन बसमधून उतरला तेव्हा ती फाटकाशी जाऊन उभी राहिली.

काय बोलायचं ते तिनं दुपारभर जुळवून ठेवलं होतं. गाडीचं नाव घ्यायचं नाही, नाहीतर अंगावर धावून गेल्यासारखं होईल. म्हैसूरकर माणूस मोघम बोलतो, आणि समोरच्यानं ते ओळखून घ्यायचं असतं. शिवाय गाडी तिथं भिंतीशी उभीच होती, आणखी सांगायचं काय? आणि त्यांच्या घरी कुकरच्या शिट्टीला, पोरांच्या दंग्याला, भांडी पडण्याला, सगळ्याला एकच नाव होतं, कन्नडात आहे तेच, ‘शब्द’. ‘शब्द करू नको रे, अप्पा झोपलेत’ असं म्हणत तिनं आपला मुलगा प्राणेश वाढवला होता.

“तुम्ही चांगली माणसं आहा म्हणून सांगते हो,” ती भिंतीकडे हात करून म्हणाली. “इथं सकाळी शब्द होतो ना, तो आमच्या यजमानांस सोसत नाही. शब्द अगदी नको म्हणून डॉक्टरांनीही सांगितलंय. स्वल्प बघून घ्या.”

वाघचौरेनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे ओट्यावर तिरुमलरावांची सकाळची खुर्ची रिकामी होती. त्याचा चेहरा एकदम उतरला.

“माफ करा काकू,” तो म्हणाला. “मला कल्पना नव्हती. उद्यापासून होणार नाही.”

त्यानं इतक्या चटकन मान्य केलं की वेदवतीलाच ओशाळल्यासारखं झालं. मुलगा गुणाचा आहे, असं तिनं घरात येऊन तिरुमलरावांना सांगितलं. रविवारी त्याला बिसीबेळेभाताचा डबा द्यायचा, असंही मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बस गेली आणि गाडी बोंबलली. तिसऱ्या दिवशी कुणाची तरी मोटरसायकल गेली आणि ती पुन्हा बोंबलली. बिसीबेळेभात राहिला बाजूला. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वेदवतीनं पाहिलं, वाघचौरे खाली मान घालून गाडी पुसत होता. ओट्यावर तिरुमलराव बसले होते, अगदी हाताच्या अंतरावर. या गृहस्थानं त्यांना साधा नमस्कार केला नाही. नुसतं एकदा हसल्यासारखं केलं आणि चोरपावलांनी निघून गेला. म्हणजे एवढं बोलल्याचा राग आला म्हणायचा! वेदवतीच्या अंगाचा तिळपापड झाला. वरून माफ करा, आतून हा शिष्टपणा.

तिनं बेंगळूरला प्राणेशला फोन केला. त्याची मराठी चार वाक्यांत संपे, पण सल्ला द्यायला तेवढी पुरे. पोलिसात दे ना अम्मा, तो म्हणाला. तिनं तेही केलं. एक पोलीस आला, गाडीभोवती फिरला, तिच्या टपावर त्यानं चांगल्या दोन थापा मारल्या. गाडी गरीब गायीसारखी उभी. मग तो ओट्यावर बसून कॉफी पिता पिता म्हणाला की अम्मा, बस शब्द करते, बाइक शब्द करते, कारखाना शब्द करतो, मी धरू कुणाकुणाला. कॉफीची तारीफ करून तो गेला. गाडी त्यानंतर बोंबलली.

आणि इकडे तिरुमलराव मिटत चालले. पूर्वी सकाळी ओट्यावर नेऊन बसवायला थोडा उशीर झाला की ते डाव्या हातानं पलंगाची कड आपटत. आता ते खुर्चीत बसत, पण बसवलं म्हणून बसत. भात गालात धरून ठेवत. ताट पुढे आणलं की चमच्याकडे, तांब्याकडे, किल्लीकडे सारख्याच नजरेनं बघत. गाडी ओरडली तरी आता त्यांचे खांदे उडत नव्हते. वेदवतीला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची. तुळसीनं त्यांच्या हनुवटीला हात लावून पुष्कळ प्रयत्न केला, मग हळूच वहीत काहीतरी लिहिलं. मागच्या महिन्यात ओठ तरी हलत होते अम्मा, ती म्हणाली. त्या रात्री वेदवती देवघरात बसून रडली. तिला कुणाचा राग आला असेल तर त्या पांढऱ्या गाडीचा.

रविवारी सकाळी तिनं बादली आपटण्याचा आवाज ऐकला. वाघचौरे गाडी धूत होता. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर गेली.

“तुम्हाला माणुसकी आहे की नाही?” ती म्हणाली. “आजारी माणूस आहे म्हणून हात जोडून सांगितलं. होणार नाही म्हणालात. आणि रोज तेच. रोज!”

वाघचौरे उभा राहिला. त्याच्या हातातलं फडकं गळत होतं.

“काकू, मी काय केलं? तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून मी काकांशी एक शब्द बोललो नाही.”

“बोलायचं कोण म्हणतंय? शब्द! या गाडीचा शब्द!” तिनं बॉनेटवर हात आपटला.

अलार्म सुरू झाला. पींपीं, मग रुग्णवाहिका, मग किंचाळणं. दोघंही त्याच्या दोन बाजूंना उभी होती आणि तो संपेपर्यंत कुणालाच काही बोलता येईना. वाघचौरेनं खिशात चावी चाचपली, सापडली नाही. अलार्म आपणहून थांबला तोवर त्याला सगळं उमजलेलं दिसत होतं.

“आवाज,” तो हळू म्हणाला. “तुम्ही आवाज म्हणत होता.”

त्यानं वर जाऊन पकड आणली, बॉनेट उघडलं, आत हात घालून एक तार तोडली आणि ती तिच्यासमोर धरली. काम एवढंच होतं. तिनं त्या दिवशी साध्या तोंडानं गाडीचं नाव घेतलं असतं तर त्याच संध्याकाळी झालं असतं.

मग तो भिंतीला टेकून, तिच्याकडे न बघता सांगायला लागला. सकाळी गाडी पुसायच्या निमित्तानं तो काकांशी गप्पा मारायचा. इथं कामावर कन्नड, नाहीतर तोडकी हिंदी. मराठीत बोलावं असं माणूस म्हणजे काकाच. गावचं सांगायचा, कांद्याचं सांगायचा, बायकोची तारीख जवळ आली ते सांगायचा. काका काही बोलायचे नाहीत, पण ऐकायचे. त्याच्या आजोबांनी आपला बैल समजून दुसऱ्याचाच बैल बाजारातून घरी आणला, ती गोष्ट त्यानं त्यांना तीनदा सांगितली, कारण तिसऱ्यांदाही ते हसले.

“हसले?” वेदवती म्हणाली.

“अहो, खांदे हलेपर्यंत. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आत देवाजवळ असायचात, घंटा ऐकू यायची.” त्यानं तार बोटाला गुंडाळली. “मग तुम्ही म्हणालात, सकाळी इथं शब्द होतो तो नको. मला वाटलं, मी बोलतो त्याचाच त्रास होत असेल. काकाही पहिले काही दिवस माझ्याकडे बघत बसायचे. मी मुद्दाम खाली बघायचो.”

झटका आल्यापासून वेदवतीनं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते हसत होते, तिच्या घरात, तिच्या ओट्यावर, ती आत देवाला फुलं वाहत असताना. आणि तिनंच बाहेर येऊन ते बंद करून टाकलं होतं.

“उद्या बोला त्यांच्याशी,” ती म्हणाली. “काय तरी बोला. तो बैल सांगा.”

सोमवारी तिनं देवाला नुसता दिवा लावला आणि दाराआड येऊन उभी राहिली. वाघचौरे फडकं घेऊन आला. काका, असं म्हणून त्यानं सुरुवात केली तीच जरा जोरात. मुलगी झाली काका, तो म्हणाला. परवाच. काळीसावळी आहे, माझ्या आईवर गेली. मग कांद्याचं झालं, पावसाचं झालं. मग त्यानं बैल काढला, आजोबांची नक्कल केली, बैलाचीही केली. शेवटी एकटाच हसला.

तिरुमलराव त्याच्याकडे बघत होते. बसथांब्यावर दोन अनोळखी माणसं बोलत असली की तिसरा बघतो, तसे. मग त्यांनी मान हळूच भिंतीकडे वळवली.

रस्त्यावरून कारखान्याची पहिली बस आली आणि वळणावर गेली. गाडी गप्प होती. किती हवी होती ही शांतता, आणि आता तिच्यात दुसऱ्या गल्लीतला भाजीवाला स्वच्छ ऐकू येत होता. वेदवती दाराआडून बाहेर आली. वाघचौरेला तिच्याकडे बघवेना. त्यानं खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि विचारलं, काकांना साखर चालते ना, मुलगी झाल्याची होती.

“चालते,” ती म्हणाली. “पण नुसती साखर कशाला? पेढा आणायचा की.”

“नाही, ते मागायचे म्हणून.”

“कोण मागायचे?”

“काका,” तो म्हणाला. “तेव्हा. मी बोलत असायचो, तुमची पूजा आटपायची, आतून तुम्ही त्या अभ्यासाच्या ताटात वस्तू ठेवायला लागायचात. चमचे-वाट्यांचा आवाज आला की ते माझ्याकडे बघून साखर मागायचे. मी एकदा वरून चिमूटभर आणून हातावर ठेवलीही. त्यांनी झटकून टाकली. मधुमेह असेल म्हटलं, मग पुन्हा दिली नाही.”

वेदवतीचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिथंच राहिला.

“तोंडानं मागायचे?”

“तोंडानंच. स्पष्ट नव्हतं, जीभ जड होती ना.”

“काय म्हणायचे ते सांगा. अगदी त्यांनी म्हटलं तसं.”

वाघचौरेनं आठवून पाहिलं. त्याला अजून कन्नड येत नव्हतं, म्हणून त्यानं तो उच्चार जपून, जसा कानावर पडला होता तसाच केला.

“साकु,” तो म्हणाला. “दोनदा म्हणायचे. साकु, साकु.”

साकु म्हणजे पुरे. कन्नडात पुरे, आणि त्यांच्या घरच्या मराठीतही पुरेच. पानावर हात आडवा धरून तिरुमलराव लग्नाच्या पहिल्या पंगतीपासून तिला हेच म्हणत आले होते. वाचा परत आली होती. ती तिच्याकडे आली नव्हती, या भिंतीपाशी आली होती, ज्याला कळणार नाही अशा माणसाजवळ. आणि आतून ताट वाजलं की यायची. लिंबाच्या दिवसाच्याही आधी. बस आणि बाइक आणि ही गाडी यांच्याशी वेदवती मनात भांडत होती, तेव्हा ते तिच्याच चमच्या-वाट्यांना पुरे म्हणत होते.

“साखरच मागत असतील ना?” वाघचौरेनं विचारलं.

“होय,” वेदवती म्हणाली. “साखरच. गोडाची त्यांस पहिल्यापासून आवड.”

तिनं पुडी घेतली, मुलीचं नाव काय ठेवणार म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून न ऐकल्यासारखी आत गेली.

दुपारी तुळसी आली. दारातच थबकून तिनं कानोसा घेतला आणि आज किती शांत आहे म्हणून खूश झाली. आता बघा अम्मा, आता फरक पडेल, ती म्हणाली. तिनं खुर्ची पलंगाशी ओढली, वही उघडली, आणि प्रत्येक वेळी विचारायची तेच कन्नडात विचारलं.

“एनादरू मातु बंता, अम्मा?” काही बोलणं आलं का?

तिरुमलराव उशीला टेकून बसले होते. त्यांचे डोळे वेदवतीवर होते. कितीतरी दिवसांनी ते सरळ तिच्याकडे बघत होते. आलं म्हणावं, तर काय आलं तेही सांगावं लागलं असतं.

“इन्नू इल्ल,” ती म्हणाली. अजून नाही. आणि ताट उचलून तिनं त्यांच्यापुढे ठेवलं.